शिवारातलं वायफाय मेश: सेटिंग कसं करायचं आणि त्याचा नकाशा डोळ्यानं कसा बघायचा

आमच्या गावात फायबर आलं ते थोरल्या घराच्या पडवीपर्यंत. तिथनं साठ मीटरवर धाकट्या काकांचं घर, काकांच्या मागं शंभर-सव्वाशे मीटरवर गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडं सगळा ऊस संपला की बोरची खोली, जिथं स्टार्टर बसवलाय आणि जिथली तांब्याची केबल एकदा रात्रीत कापून नेली. तिथं कॅमेरा लावायचा म्हटलं तर नेट पाहिजे. सिमकार्डवाला कॅमेरा लावून बघितला, पण आमची बाजू बेळगावकडची, मार्कंडेय नदीच्या काठाला, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेला लागून, मोबाईल कधी इकडचा टॉवर धरतंय कधी चंदगडकडचा, दिवसात दोनदा महाराष्ट्रात स्वागत आहे म्हणून मेसेज येतोय आणि कॅमेरा मधीच गप. म्हणून मग मेश केलं. वर्ष झालं चालू आहे, पावसाळा बघितला त्यानं. गल्लीतले चार जण विचारून गेले कसं केलंस म्हणून, प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

एक आधीच सांगतो. बाकी सगळीकडं आधी सेटिंग सांगतात आणि शेवटी हौस म्हणून नकाशा. मी नकाशावर जास्त भर देणार, कारण मेश बिघडलं की सेटिंग बघून काही कळत नाही, चित्र बघितलं की एका मिनिटात कळतं. आणि आपल्या डोक्यातलं चित्र आणि खरं चित्र कधीच सारखं नसतं.

मेश म्हणजे साधं आहे. एक राऊटर मध्ये आणि बाकी सगळे त्याच्याकडं बघतायत असं नाही, तर प्रत्येक राऊटर शेजारच्याशी बोलतो आणि पॅकेट हातोहात पुढं जातं, बादल्या पास करतात तसं. कुठल्या हातातनं जायचं ते राऊटर आपापसात ठरवतात. प्रत्येक राऊटरला नोड म्हणायचं, आणि कुठला नोड कुणाशी जोडलाय, किती घट्ट, याच्या चित्राला टोपॉलॉजी.

पहिल्यांदा कागद

कॉम्प्युटर नंतर. एक कागद घ्या, घर, गोठा, विहीर, झाडं, ऊस, पत्र्याचं शेड, सगळं काढा आणि अंतरं लिहा. मोबाईलवरच्या सॅटेलाईट नकाशात अंतर मोजायची सोय असते, त्यानं मोजा. आमचं असं निघालं: घर ते टाकी (काकांच्या स्लॅबवरची पाण्याची टाकी) ६० मीटर, टाकी ते गोठा १३०, गोठा ते मोटर (म्हणजे बोरची खोली) २८०, आणि घरापासून मोटर सरळ रेषेत ४०० पण मध्ये ऊस.

आता उसाबद्दल बोललंच पाहिजे, कारण आपल्याकडं हीच मुख्य भिंत. पिकलेला ऊस साडेतीन मीटरच्या आसपास जातो आणि पानात सगळं पाणी, आणि पाणी वायफायच्या लहरी गिळतं. नुसतं समोर दिसलं की झालं असं नाही. दोन अँटेनांच्या मध्ये लहरीला भोपळ्यासारखी मध्यभागी फुगलेली जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. हिशेब सोपा आहे: अंतर किलोमीटरमध्ये घ्या, त्याला गिगाहर्ट्झच्या चौपटीनं भागा, वर्गमूळ काढा, १७.३२ नं गुणा, मध्यभागीची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. आमच्या २८० मीटरला ५.७ गिगाहर्ट्झवर १.९ मीटर आली, २.४ वर जवळजवळ ३. त्यातली निदान साठ टक्के मोकळी पाहिजे, म्हणजे सव्वा ते पावणेदोन मीटर. उसाचे साडेतीन धरून अँटेना पाच-सव्वापाच मीटरवर पाहिजे. जीआय पाईपची एक लेन्थ वीस फुटाची, म्हणजे सहा मीटर येते, दोन फूट क्लॅम्प मारून भिंतीला धरली तरी काम होतंय. मी पहिल्यांदा बांबू लावला होता. बांबू वाऱ्यानं फिरतो, लावू नका.

सामान काय घ्यायचं

ओपनडब्ल्यूआरटी नावाचं फुकटचं लिनक्स आहे, राऊटरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी चढवायचं. कुठलाही राऊटर चालत नाही, आणि एकाच मॉडेलच्या व्हर्जन दोन-तीन-चारमध्ये आतली चीप वेगळी असते, तर घेण्याआधी डब्याच्या खालचा स्टिकर बघून ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तेच व्हर्जन आहे का ते ताडून घ्या. मीडियाटेकच्या चीपवर मेश बिनत्रास चालतं असा माझा अनुभव, ब्रॉडकॉमच्या वायफायला मोकळ्या सॉफ्टवेअरचा आधार कमी, ते टाळा. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली जाऊ नका. आणि दोन रेडिओवाला, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही असलेलाच घ्या. एकाच रेडिओवर मोबाईलपण आणि मेशपण चढवलं, की तोच रेडिओ ऐकतो, तोच पुढं पाठवतो, आणि दर उडीला (एका नोडकडनं दुसऱ्याकडं) स्पीड निम्मा होतो.

वीज: बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास, राऊटर सहा वॅट खातोय असं धरलं आणि बॅटरी अर्धीच वापरली (लेड-ॲसिड पूर्ण उतरवली तर लवकर मरते) तरी सात तास निघतात. शेतात थ्री फेज ठरलेल्या तासांनाच येते, त्यामुळं मोटरच्या खोलीत बॅटरी पाहिजेच.

वळवाच्या पावसाचं विसरू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं विजा पडतात तसल्या, आणि सहा मीटरचा लोखंडी पाईप म्हणजे विजेला आमंत्रणच. पाईपला वेगळं अर्थिंग, केबलला सर्ज प्रोटेक्टर, आणि आभाळ भरून आलं की प्लग ओढायचा. आमच्याकडं हे काम आण्णांकडं आहे, ते ढग बघून हाक मारतात, "ए, त्या तुझ्या पेटीचं काढ की रे!"

सॉफ्टवेअर चढवायच्या वेळी

खाली मी मेनूची नावं आणि कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात करायचं.

सगळे राऊटर आधी घरात टेबलावर मांडा, एकमेकांपासून दोन-तीन फुटांवर. शेतात नेऊन सेटिंग करू नका, पाईपवर चढून लॅपटॉप सांभाळत बसायची वेळ येते. प्रत्येकाला केबल लावून ओपनडब्ल्यूआरटी चढवलं की ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१.१ वर त्याचा पडदा उघडतो, त्याला लूसी म्हणतात. पासवर्ड ठेवा.

पहिलं काम पत्ता बदलायचा. फायबरवाल्यांनी दिलेला डबा पुष्कळदा स्वतःच १९२.१६८.१.१ वर बसलेला असतो आणि दोघांची मारामारी होते. मी ५० ची मालिका घेतली: घर १९२.१६८.५०.१, टाकी ५०.२, गोठा ५०.३, मोटर ५०.४. होस्टनेमपण तेच ठेवा, ghar, taki अशी साधी नावं. आता महत्त्वाचं. पत्ते वाटायचं काम, डीएचसीपी, फक्त घरवाल्या नोडनं करायचं. बाकी तिघांच्या लॅन इंटरफेसमध्ये डीएचसीपीच्या टॅबवर 'इग्नोर इंटरफेस' टिक करा, आणि गेटवे (बाहेर जायचं दार) व डीएनएस (वेबसाईटच्या नावाचा पत्ता सांगणारा) दोन्हीला ५०.१ द्या. मी टाकीवर हे टिक करायचं विसरलो. चार दिवस काकू म्हणत होत्या वायफाय जोडलंय पण काही उघडत नाही, आणि मी त्यांच्या मोबाईललाच नावं ठेवत होतो. मोबाईलला पत्ता मिळत होता टाकीकडनं, गेटवे टाकी, आणि टाकीला बाहेरचा रस्ताच माहीत नाही. काकूंची माफी मागून झाली.

दुसरं, वायरलेसमध्ये दोन्ही रेडिओचा कंट्री कोड इंडिया करा. भारतात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये लायसन्समुक्त झाला, ५१५० ते ५३५०, आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ. कोड नीट दिला की वरचे चॅनल आणि त्यांची पॉवर बरोबर मिळते. चॅनल 'ऑटो' ठेवायचा नाही, हे पक्कं. चारी नोड एकाच चॅनलवर नसतील तर मेश जमतच नाही, कारण ते एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. मी १४९ घेतला. ५२ ते १४४ मधले चॅनल टाळा, तिथं राऊटरला आधी मिनिटभर गप्प बसून रडार आहे का ऐकावं लागतं, आणि मधीच रडारसारखं काही वाटलं तर तो चॅनल सोडून पळतो, मग सगळं मेश तुटतं. सांबऱ्याचा विमानतळ जवळ असो नाहीतर लांब, हा धोका कशाला घ्यायचा. रुंदी २० किंवा ४० ठेवा, ८० नको. रुंदी निम्मी केली की गोंगाट ३ डेसिबलनं कमी पकडला जातो आणि लांबच्या जोडणीला तेवढा श्वास मिळतो.

पॅकेज, आणि इथं एक खड्डा आहे

सिस्टीम मेनूमध्ये सॉफ्टवेअर उघडा. जुन्या आवृत्तीत खाली ओपीकेजी चालतं, नव्यात एपीके, पण पडद्यावर काम सारखंच. आधी यादी अपडेट करा. आता राऊटरमध्ये 'डब्ल्यूपॅड-बेसिक' नावाचं पॅकेज आधीच असतं, त्याला मेशचं एन्क्रिप्शन येत नाही. ते काढून 'डब्ल्यूपॅड-मेश' टाकायचं, शेवटी एम्बेडटीएलएस किंवा ओपनएसएसएल जे मूळ पॅकेजला असेल तेच. खड्डा असा की जुनं काढलं की वायफाय बंद पडतं आणि तुम्ही वायफायवरनंच काम करत असाल तर फांदीवर बसून फांदी कापल्यासारखं. म्हणून केबल लावूनच करा आणि नवीन पॅकेज आधी डाऊनलोड करून ठेवा.

मग ही चार टाका: 'केमॉड-बॅटमॅन-ॲडव्ह', 'बॅटसीटीएल-फुल', 'लूसी-प्रोटो-बॅटमॅन-ॲडव्ह', 'आल्फ्रेड'.

बॅटमॅन नाव ऐकून हसू नका. बर्लिनच्या फ्रायफुंक नावाच्या लोकांनी स्वतःच्या मोकळ्या वायफाय जाळ्यासाठी हा प्रोटोकॉल सुरू केला, जुना ओएलएसआर प्रोटोकॉल त्यांना मोठ्या जाळ्यात झेपेना म्हणून, आणि २०११ पासून तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये २.६.३८ पासून आहे. मेशचं वायफाय स्टँडर्ड ८०२.११एस, तेपण २०११ चंच. खरं म्हणजे ११एस मध्ये स्वतःचा रस्ता शोधायची सोय आहे, मग वर बॅटमॅन कशाला? माझं कारण एकच, बॅटमॅनबरोबर चित्र काढायची साधनं फुकट येतात. रस्ता दोघंही शोधतील, पण दाखवणारा एकच.

जोडणी

नेटवर्क, मग इंटरफेसेस, नवीन बनवा. नाव बॅट० ठेवा, प्रोटोकॉल 'बॅटमॅन डिव्हाईस'. रूटिंग अल्गोरिदम बॅटमॅन ४, ब्रिज लूप अव्हॉइडन्सला टिक आहे का बघा. हे टिक नसेल आणि कुणी हौसेनं दोन नोडमध्ये केबलपण लावली तर पॅकेट गोल फिरत राहतात आणि सगळं जाळं गळा दाबल्यासारखं होतं.

दुसरा इंटरफेस बनवा, नाव बॅटमेश, प्रोटोकॉल 'बॅटमॅन इंटरफेस', त्याचा मालक बॅट०. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५३६ द्या, कारण बॅटमॅन प्रत्येक पॅकेटला आपलं ३२ बाईटचं पाकीट चढवतो, जागा नाही दिली तर तुकडे करत बसतो. मग डिव्हाईसेसच्या टॅबवर बीआर-लॅन नावाचा ब्रिज उघडून त्यात बॅट० जोडा. ही पायरी लोक विसरतात, मग नोड एकमेकांना दिसतात पण मोबाईलला नेट मिळत नाही.

आता वायरलेसमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर नवीन नेटवर्क. मोड '८०२.११एस', मेश आयडी काहीही एकच शब्द, मी शिवार ठेवला. नेटवर्क बॅटमेश. 'फॉरवर्ड मेश पीअर ट्रॅफिक'ची टिक काढा, पुढं पाठवायचं काम बॅटमॅनचं आहे, दोघांनी एकाच वेळी गाडी हाकायची नाही. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३-एसएई आणि लांब पासवर्ड, चारी ठिकाणी अक्षर न अक्षर सारखा. २.४ च्या रेडिओवर नेहमीचं ॲक्सेस पॉइंट मोडमधलं वायफाय, सगळीकडं तेच नाव तोच पासवर्ड, म्हणजे माणूस चालत गेला की मोबाईल आपोआप पुढचा नोड धरतो.

सेव्ह अँड अप्लाय करा आणि हात वर करून बसा. लूसी दीड मिनिट वाट बघते, तेवढ्यात तुमचा ब्राऊझर राऊटरपर्यंत पोचला नाही तर जुनं सेटिंग परत आणते. पत्ता बदलल्यावर हमखास हे होतं, मग 'अप्लाय अनचेक्ड' दाबायचं आणि नव्या पत्त्यावर जायचं.

टेबलावर असतानाच तपासा

एसएसएचनं (लॅपटॉपवरनं राऊटरला कमांड द्यायची सोय) नोडमध्ये शिरा आणि 'बॅटसीटीएल एन' मारा. शेजारी दिसतात, आणि शेवटचं कधी ऐकलं ते सेकंदात. बॅटमॅन दर सेकंदाला मी आहे म्हणून एक छोटी हाळी देतो, ओजीएम म्हणतात त्याला, त्यामुळं इथं आकडा एक सेकंदाच्या आतबाहेर पाहिजे. पाच-दहा सेकंद दिसायला लागले तर हाळ्या वाटेत हरवतायत.

कुणीच दिसत नसेल तर 'आयडब्ल्यू डेव्ह', मग मेशच्या इंटरफेसचं नाव, मग 'स्टेशन डंप'. त्यात 'मेश प्लिंक' अशी ओळ असते, तिथं 'एस्टॅब' लिहिलेलं पाहिजे. ओळ आहे पण एस्टॅब नाही म्हणजे ऐकू येतंय पण ओळख पटत नाही, शंभरात नव्वद वेळा पासवर्ड. शेजाऱ्याची ओळच नाही म्हणजे चॅनल किंवा मेश आयडी.

मग 'बॅटसीटीएल ओ'. ही खरी कामाची. प्रत्येक नोडपर्यंत जायचे सगळे रस्ते, निवडलेल्या रस्त्यापुढं चांदणी, आणि कंसात टीक्यू, म्हणजे जोडणी किती चांगली त्याचे मार्क, २५५ पैकी. २५५ म्हणजे सगळ्या हाळ्या पोचल्या. टेबलावर सगळीकडं अडीचशेच्या वर दिसेल, त्यावर भुलू नका.

आता चित्र

आधी नावं. चित्रात नोड मॅक ॲड्रेसनं येतो, सहा जोड्यांचे आकडे, कुणाला कळतंय ते. प्रत्येक नोडवर ईटीसीमध्ये बॅट-होस्ट्स नावाची फाईल करा, एका ओळीला एक मॅक, मोकळी जागा, नाव. दोन मिनिटांचं काम, पण हे नाही केलं तर पुढचं सगळं फुकट.

मग आल्फ्रेड. हा खबऱ्या आहे, प्रत्येक नोडची माहिती बाकी सगळ्यांना वाटत फिरतो. ईटीसी-कॉन्फिगमधली त्याची फाईल उघडा, त्यात 'डिसेबल्ड' ला १ दिलेला असतो, ती ओळ काढा. इंटरफेस बीआर-लॅन, बॅटमॅनचा इंटरफेस बॅट०, 'स्टार्ट व्हिस' १. घरचा नोड प्रायमरी, बाकीचे सेकंडरी (जुन्या आवृत्तीत मास्टर आणि स्लेव्ह लिहिलेलं असेल). सर्व्हिस चालू करून मिनिटभर थांबा.

घरच्या नोडवर 'बॅटॲडव्ह-व्हिस' मारलं की पडद्यावर मजकूर येतो, डॉट नावाच्या भाषेत. लॅपटॉपवर ग्राफव्हिझ (असा मजकूर वाचून चित्र काढणारं सॉफ्टवेअर) टाका, तो मजकूर एका फाईलमध्ये भरा आणि 'डॉट' कमांडला पीएनजी मागा. झालं, चित्र तयार. नोड गोलात, मध्ये बाण, बाणावर आकडा. मोबाईल, टीव्ही, कॅमेरापण येतात, त्यांच्या बाणावर टीटी लिहिलेलं असतं.

बाणावरचा आकडा उलटा आहे हे लक्षात ठेवा. इथं १.००० सगळ्यात चांगला, आणि वाढत गेला की वाईट, कारण तो २५५ भागिले टीक्यू असतो. टीक्यू १२७ म्हणजे इथं २ च्या आसपास. आणि दोन नोडमध्ये दोन बाण असतात, जायचा एक, यायचा एक. त्यात फरक असणं हेच बघायचं. घर टाकीला छान ऐकतंय पण टाकीला घर ऐकू येत नाही असं होतं, एकाची पॉवर जास्त किंवा एकाच्या शेजारी गोंगाट जास्त असला की.

नुसत्या डॉटनं चित्र वरनं खाली कुळवृक्षासारखं येतं. मला ते आवडलं नाही, शेत असं दिसत नाही. म्हणून त्याच ग्राफव्हिझमधली 'नीटो' वापरा. प्रत्येक नोडला 'पॉस' म्हणून दोन आकडे द्यायचे, आडवा आणि उभा, आणि शेवटी उद्गारचिन्ह. ते चिन्ह म्हणजे खुंटी, नीटो मग त्या नोडला हलवत नाही. सुरुवातीच्या कागदावरची अंतरं घेऊन मी एका इंचाला वीस मीटर असा हिशेब धरला, घर खाली डावीकडं, मोटर वर उजवीकडं. आता चित्र शिवारासारखं येतं. आण्णांना पहिल्यांदा दाखवलं तर बोट ठेवून म्हणाले, "हा गोठा, ही टाकी, आणि हे काय, ऊस कुठाय?" ऊस चित्रात नव्हता, पण त्यांनी बरोबर जागा दाखवली, गोठा आणि मोटरच्या मध्ये बाण तिथंच सगळ्यात वाईट होता.

रेघेची जाडी टीक्यूप्रमाणे करायची असेल तर 'पेनविड्थ' म्हणून एक गुण असतो. बॅटॲडव्ह-व्हिसला 'एफ जेसन' सांगितलं की तीच माहिती जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल अशा रचनेत) मिळते, पंचवीस-तीस ओळींच्या पायथनमध्ये ती वाचून, नोडला खुंटी, रेघेला जाडी, दोनच्या वरचा आकडा असला तर लाल, एवढं लिहून होतं. मी तेच करतो. मोठं जाळं असेल तर ब्राऊझरात हलणारी चित्रंपण आहेत, नेटजेसन म्हणून एक फॉरमॅट आहे आणि ओपनविस्पमध्ये त्यावर चालणारा टोपॉलॉजीचा भाग आहे, पण चार-पाच नोडला ते म्हणजे उंदराला बंदूक.

एक गम्मत माहीत असू द्या. आल्फ्रेड जुनी खबर दहा मिनिटं जपून ठेवतो. म्हणजे मोटरची वीज गेली तरी चित्रात मोटर दहा मिनिटं जिवंत. मी एकदा चित्र बघून सगळं ठीक म्हणून जेवायला बसलो. आत्ता या क्षणी काय चाललंय ते बॅटसीटीएल एन सांगेल, चित्र नाही.

चित्र वाचायचं कसं

माझ्या मनात होतं की घरातनं टाकी, टाकीतनं गोठा, गोठ्यातनं मोटर अशी सरळ साखळी होणार. पहिलं चित्र बघितलं तर घरातनं थेट गोठ्याला बाण, आकडा १.८ आणि टीक्यू १४० च्या आसपास. टाकीकडनं दोन्ही उड्या २५० च्या. बॅटमॅन काय करतो, २५० गुणिले २५० भागिले २५५, म्हणजे २४५, वर एका उडीचा दंड (मुळात २५५ पैकी ३०), राहिले २१६. १४० पेक्षा २१६ मोठे, तर टाकीकडनंच जातो. हे बरोबर झालं. पण दुपारी गोठ्याच्या पत्र्याखाली ट्रॅक्टर उभा असला की टाकी-गोठा पडायचं आणि रस्ता सारखा इकडनं तिकडं उड्या मारायचा, कॅमेरा अडकायचा.

इथं एक गोष्ट चांगली समजून घ्या, कारण यात मी महिनाभर फसलो. बॅटमॅन ४ हाळ्या मोजतो, स्पीड मोजत नाही. आणि हाळी वायफायच्या सगळ्यात हळू वेगानं जाते, हळू बोललेलं लांबपर्यंत ऐकू येतं तसं. त्यामुळं चित्रात १.० आणि प्रत्यक्षात व्हिडिओ अडकतोय असं होऊ शकतं. म्हणून स्टेशन डंपमध्ये सिग्नलपण बघा. तो उणे आकड्यात येतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे ६५ पर्यंत मस्त, उणे ७५ पर्यंत चालतंय, उणे ८० च्या पुढं नशिबावर. उपाय दोन. मेशच्या वायरलेस सेटिंगमध्ये 'एमकास्ट रेट' १२००० किंवा २४००० करा, म्हणजे हाळीपण वेगानंच जाईल आणि कमकुवत जोड आपोआप वाईट दिसेल. दुसरा, 'आरएसएसआय थ्रेशोल्ड फॉर जॉइनिंग' उणे ८० द्या, त्याच्या खालच्या शेजाऱ्याशी हातच मिळवायचा नाही. घर-गोठा हा थेट बाण यानंच गेला आणि उड्या मारायचं थांबलं.

आणखी नोड टाकले की बरं होईल असं वाटतं, तसं नाही. सगळे एकाच चॅनलवर बोलतात, एक बोलला की ऐकू येणाऱ्या बाकीच्यांनी गप्प बसायचं. मी गोबरगॅसच्या टाकीजवळ पाचवा नोड लावला होता, चित्र भरगच्च दिसायला लागलं आणि स्पीड कमी झाला. काढून ठेवला.

शेतात लावल्यावर

टेबलावरची चार पोरं आता आपापल्या जागी न्या, एकेक करून, आणि दर वेळी नवीन चित्र काढा. सगळे एकदम लावले तर कुणामुळं बिघडलं ते कळत नाही.

मोटरचा नोड लावायला आमचे नेहमीचे वायरमन मामा आले होते, मी बेळगावला गेलेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर चित्रात मोटर नाहीच. गोठ्यावरनं बॅटसीटीएल एन, मोटर नाही. वीज आहे, बॅटरी आहे, लाईट लुकलुकतायत असं फोनवर सांगतायत. अर्धा किलोमीटर चालत जाऊन खोली उघडली, तर मामांनी राऊटर पावसात भिजू नये म्हणून स्टार्टरच्या लोखंडी पेटीत घालून, वर झाकण बंद करून, त्याला चार स्क्रू मारलेले. अगदी नीट, केबलला टायपण लावलेले. लोखंडी पेटीतनं सिग्नल बाहेर येत नाही मामा, म्हटलं. "मग आतला मोबाईल कसा वाजतोय?" म्हणून त्यांनी आपला मोबाईल पेटीत ठेवून झाकण लावलं आणि मला फोन लावायला सांगितला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची पावसाळी पेटी आली.

पत्र्याच्या शेडचंपण तेच, पत्र्याच्या खाली नाही, पत्र्याच्या वर अँटेना. आणि जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंती पावसात ओल्या झाल्या की ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ संपतो, म्हणून घरचा नोड पडवीत, खिडकीशी.

चित्रांचा अल्बम ठेवा

क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) सांगून दर पंधरा मिनिटांनी जेसन एका फाईलमध्ये ठेवा, नाव तारीख-वेळ. फाईल टीएमपीमध्येच ठेवायची, ती रॅममध्ये असते. फ्लॅशवर सारखं लिहिलं तर फ्लॅश झिजते. रात्री लॅपटॉप किंवा जुना मोबाईल ती उचलून घेतो.

याचा उपयोग काय ते सांगतो. कागदावर गोठा-मोटर जोडणीचा हिशेब उणे ६७ चा होता. मार्चमध्ये लावली तेव्हा उणे ७१ आला, बाणावर १.०५. जून-जुलैत पाऊस लागला, ७४. ऑगस्टअखेर ऊस लहरीच्या वाटेत यायला लागला आणि पाऊस पडून गेल्यावर पानं ओली असताना ८२, आकडा २.३, रेघ लाल. दुपारी ऊन पडलं की परत ७६. अल्बम नसता तर मी राऊटर बदलला असता, कारण बिघाड सकाळीच व्हायचा आणि मी बघायला जायचो दुपारी. पाईपला दीड मीटरचा तुकडा वेल्ड करून घेतला, बस.

डिसेंबरात तोडकरी आले. चार दिवसांत फड मोकळा झाला आणि त्याच संध्याकाळी चित्रात गोठा-मोटरची रेघ जाड हिरवी, आकडा १.०२. आण्णांनी मोबाईलवर बघितलं, मग मान वर करून मोकळ्या रानाकडं बघितलं आणि म्हणाले, "आता दिसतंय की मला हिथनंच, तुझ्या चित्राचं काय काम?" खोडवा फुटला की परत बघू म्हटलं.